कारखाना परत येईल, पण स्क्रू कुठून आणायचा?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले, आणि त्यातल्या तीन-चार जणांचा प्रश्न जवळपास एकच होता. एकाने लिहिलं होतं, "दादा, मी चाकणला एका कंपनीत आहे, आमचा माल अमेरिकेला जातो. तिकडे सारखं चाललंय की कारखाने घरी परत आणणार. खरंच आणले तर आमचं काय?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मागे घराचा हप्ता आहे, म्हणून आजचा अख्खा भाग यावरच. मी अर्थतज्ज्ञ नाही. बीटेक मेकॅनिकलमध्ये केलं, आणि आता काम सॉफ्टवेअरचं करतो, तेही कारखान्यांसाठीच्या सॉफ्टवेअरचं. म्हणजे मशिनचा डेटा गोळा करणं, कुठे किती माल बनला हे स्क्रीनवर दाखवणं, हे आमचं काम. त्यामुळे मी हा विषय मशिनच्या बाजूने बघतो. शेअर बाजाराच्या बाजूने बघायचं असेल तर त्याचे पॉडकास्ट ढीगभर आहेत.

एका स्क्रूची गोष्ट सांगतो. डिसेंबर २०१२ मध्ये ॲपलच्या टिम कुक यांनी जाहीर केलं की मॅकचं एक मॉडेल आता अमेरिकेत बनणार. ते मॉडेल म्हणजे मॅक प्रो, तो काळा, डब्यासारखा गोल कॉम्प्युटर, किंमत तीन हजार डॉलर. जागा ठरली टेक्सासमधलं ऑस्टिन. जगातली सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक, पैशाला तोटा नाही, इंजिनिअरांना तोटा नाही. आणि गाडी अडली कुठे? एका विशिष्ट मापाच्या स्क्रूवर. चीनमध्ये असा स्क्रू हवा असेल तर सांगायचं, आणि लाखांनी माल येतो. ऑस्टिनच्या आसपास जे मशिन शॉप सापडलं त्यात वीस माणसं कामाला, आणि दिवसाला जास्तीत जास्त एक हजार स्क्रू. तो मालकही काय करणार? मोठ्या प्रमाणावर स्क्रू ठोकणाऱ्या जुन्या प्रेस त्याने कधीच काढून टाकल्या होत्या, कारण तसं काम अमेरिकेत कुणी मागतच नव्हतं. शेवटी त्याने २८ हजार स्क्रू पोचवले, २२ खेपा करून, त्यातल्या बऱ्याचशा स्वतःच्या गाडीतून. हे सगळं 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१९ मध्ये छापलं. मोठं उत्पादन सुरू व्हायच्या वेळेपर्यंत ॲपलने स्क्रू चीनमधून मागवले होते.

आता तुम्ही म्हणाल, स्क्रू तर स्क्रू, त्यात काय एवढं. पण आजचा विषय तिथेच आहे.

आधी थोडं मागे जाऊ. परदेशात नेलेलं उत्पादन परत आपल्या देशात आणणं, याला रीशोअरिंग म्हणतात. आधी ते बाहेर का गेलं, हे आपल्या सगळ्यांना माहीतच आहे. मजुरी स्वस्त, कंटेनरची वाहतूक स्वस्त, आणि डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेत २००० साली कारखान्यांमध्ये साधारण १ कोटी ७३ लाख माणसं काम करत होती. २०१० मध्ये ती उरली साधारण १ कोटी १५ लाख. सगळीच काही चीनमुळे गेली नाहीत. मशिनमुळेही गेली, २००८ च्या मंदीमुळेही गेली. पण दहा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश नोकऱ्या जाणं म्हणजे काय, हे गिरणगावात आजोबा कामाला होते अशा घरातल्या माणसाला मी समजावून सांगायची गरज नाही.

मग परत आणायचं लोकांच्या डोक्यात का आलं? एक कारण हिशेबाचं आहे. हॅरी मोझर नावाचे एक गृहस्थ आहेत, आयुष्य मशिन टूलच्या धंद्यात गेलं. त्यांनी २०१० मध्ये रीशोअरिंग इनिशिएटिव्ह नावाची संस्था काढली. त्यांचं म्हणणं असं की कंपन्या फक्त बिलावरची किंमत बघतात, पूर्ण खर्च बघतच नाहीत. समजा, एक पार्ट इकडे शंभर रुपयांना पडतो आणि तिकडे सत्तर. पर्चेसवाला खूश. पण मग जहाजाचं भाडं, आयात शुल्क, महिनाभर समुद्रात अडकलेला पैसा, गोडाऊनमध्ये जास्तीचा साठा, दर दोन महिन्यांनी तिकडे जाणाऱ्या इंजिनिअरचं तिकीट आणि हॉटेल. आणि एखादी बॅच खराब निघाली तर ती कळेपर्यंत मागच्या तीन बॅचेस जहाजात. हे सगळं वेगवेगळ्या खात्यांच्या बजेटमध्ये विखुरलेलं असतं, म्हणून कुणालाच दिसत नाही. मोझर यांनी यासाठी एक कॅल्क्युलेटरच बनवून ठेवला. मग कोविड आला, कंटेनरचं भाडं हजार-दोन हजारावरून दहा हजार डॉलरच्या वर गेलं, मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझमध्ये आडवं पडलं, आणि जो हिशेब कुणी बघत नव्हतं तो सगळ्यांना दिसायला लागला.

पण माझ्या मते त्याहून मोठं कारण वेगळं आहे, आणि ते समजायला लुईव्हिलची गोष्ट ऐकावी लागेल. ही माझी आवडती गोष्ट आहे, थोडा वेळ देतो.

केंटकी राज्यात लुईव्हिल शहर. तिथे जनरल इलेक्ट्रिकचं अप्लायन्स पार्क आहे, फ्रिज, वॉशिंग मशिन वगैरे बनवायचं. इतकं मोठं की त्याला स्वतःचा पिनकोड आहे. १९७३ मध्ये तिथे २३ हजार माणसं काम करत होती. २०११ मध्ये उरली दोन हजारांपेक्षा कमी. तर या कंपनीचा एक वॉटर हीटर होता, जिओस्प्रिंग. हीट पंपवर चालणारा, वीज कमी खाणारा. डिझाइन अमेरिकेत, बनवायला दिला चीनमधल्या कंत्राटी कारखान्याला, विकायचा पुन्हा अमेरिकेत. किंमत १,५९९ डॉलर. मग त्यांनी ठरवलं, हा लुईव्हिललाच बनवून बघू.

त्यांनी चीनला पाठवलेलं डिझाइन पुन्हा टेबलावर काढलं, आणि या वेळी त्या टेबलाभोवती डिझाइनवाले, मॅन्युफॅक्चरिंगवाले, मार्केटिंगवाले आणि लाइनवर उभे राहून जोडणी करणारे कामगार असे सगळे बसवले. कामगारांनी आत बघितलं. तांब्याच्या नळ्यांचं असलं जंजाळ होतं, की त्यांचं वेल्डिंग धड करता येईना. डिझाइनरने ते काढलं होतं, चीनमधल्या कारखान्याने ते मुकाट्याने बनवलं होतं, कारण ऑर्डरच तशी होती. तिथल्या कामगाराने डिझाइनरला फोन करून "साहेब, हा बेंड इकडून घेतला तर?" असं विचारायची सोयच नव्हती. मध्ये समुद्र, भाषा, आणि एक करारपत्र.

मग डिझाइन नव्याने केलं. दर पाचातला एक पार्ट उडाला. मटेरियलचा खर्च २५ टक्क्यांनी कमी झाला. एक हीटर जोडायला चीनमध्ये साधारण दहा तास लागायचे, लुईव्हिलला दोन तास. आणि किंमत? १,५९९ डॉलरचा हीटर १,२९९ ला आला. तीनशे डॉलर स्वस्त, अमेरिकन मजुरी देऊन! ही माहिती चार्ल्स फिशमन या पत्रकाराने २०१२ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात लिहिली, आणि मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. कोड लिहिणारी टीम एका देशात, चालवणारी दुसऱ्या देशात, मध्ये फक्त तिकिटं. बग तिथल्या तिथे पकडला जातच नाही. जो चालवतो त्याला माहीत असतं की दर मंगळवारी रात्री सर्व्हर का अडखळतो, पण त्याला कुणी विचारत नाही. कारखाना दूर नेला की मजुरी वाचते, पण हे विचारणं बंद होतं. आणि ते बंद झाल्याचं नुकसान कुठल्याच एक्सेल शीटमध्ये येत नाही.

आता इथे थांबलो असतो तर भाग गोड झाला असता. पण पुढचंही सांगायला हवं. एक, ज्या नोकऱ्या परत आल्या त्या जुन्या नव्हत्या. युनियनने २००५ मध्येच दोन पातळ्यांचा पगार मान्य केला होता. खालच्या पातळीवर सुरुवात ताशी साडेतेरा डॉलरच्या थोडी वर, म्हणजे पूर्वी सुरुवातीला जे मिळायचं त्यापेक्षा जवळपास आठ डॉलर कमी. एकाच लाइनवर, एकच स्क्रू पिळणारी दोन माणसं, आणि पगारात एवढा फरक. आपल्याकडे कायम आणि कंत्राटी शेजारी उभे असतात ना, तसंच. दोन, जिओस्प्रिंग हवा तेवढा विकला गेला नाही. २०१६ मध्ये तो बंद करायचं जाहीर झालं. आणि तीन, त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकने घरगुती उपकरणांचा हा अख्खा धंदाच विकला. कुणाला? हायरला. चीनच्या हायरला, साधारण साडेपाच अब्ज डॉलरला.

पण गंमत अजून पुढे आहे. जून २०२५ मध्ये याच कंपनीने, म्हणजे आता चिनी मालकीच्या कंपनीने, जाहीर केलं की ४९ कोटी डॉलर घालून चीनमध्ये बनणाऱ्या वॉशिंग मशिनचं उत्पादन लुईव्हिलला आणणार, ८०० नोकऱ्या देणार. म्हणजे चिनी मालक चीनमधून काम काढून अमेरिकेत नेतोय. यात कोण देशभक्त आणि कोण शत्रू हे तुम्हीच ठरवा, मला जमलं नाही. वॉशिंग मशिन ही मोठी, जड, आतून पोकळ वस्तू आहे. कंटेनरमध्ये निम्मी हवाच भरून पाठवल्यासारखं होतं. विकत घेणारा अमेरिकेत असेल तर ती तिथेच बनवण्यात अर्थ आहे. त्याला झेंड्याची गरज नाही.

आता जर्मनीला जाऊ. आदिदास. बव्हेरियात आन्सबाख नावाचं गाव आहे, कंपनीच्या मुख्यालयापासून फार लांब नाही. तिथे त्यांनी स्पीडफॅक्टरी काढली, दुसरी अमेरिकेत अटलांटाजवळ. कल्पना झकास होती. रोबो, थ्रीडी प्रिंटिंग, कॉम्प्युटरवर चालणारं विणकाम. आशियात बूट डिझाइनपासून दुकानात यायला कित्येक महिने लागतात, इथे काही दिवसांत. प्रत्येक कारखान्यात वर्षाला पाच लाख जोड बनवायचं लक्ष्य, आणि माणसं साधारण १६०. त्या वेळी मी कॉलेजात होतो, आणि आमच्याकडे ऑटोमेशनच्या प्रत्येक सेमिनारमध्ये स्पीडफॅक्टरीची स्लाइड असायचीच. शेवटचा बूट मानवी हातांनी शिवला जाईल तो दिवस जवळ आलाय, वगैरे वगैरे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आदिदासने सांगितलं, एप्रिल २०२० पर्यंत दोन्ही बंद. तंत्रज्ञान कुठे नेणार? व्हिएतनाम आणि चीनमधल्या पुरवठादारांकडे.

का? कंपनी तेव्हा वर्षाला ४० कोटींच्या आसपास जोड विकत होती. त्यात दोन कारखान्यांचे मिळून दहा लाख म्हणजे दर्या में खसखस. शिवाय त्या मशिनवर ठरावीक प्रकारचेच बूट होत होते, विणलेला वरचा भाग आणि खाली फोमचा सोल असलेले रनिंग शूज. चामड्याचा बूट, रबरी सोल, हे त्या व्यवस्थेत बसत नव्हतं. बूट ही चिवट वस्तू आहे. कापड ताणलं जातं, चुरगळतं, गोंद हवेप्रमाणे वेगळा वागतो. रोबोला दिसतं ते कडक पत्र्यासारखं जग. माणसाची बोटं दर सेकंदाला किती छोट्या-छोट्या दुरुस्त्या करतात हे आपण मोजतच नाही, कारण आपल्याला ते कामच वाटत नाही. आणि बुटाची जाण असलेली माणसं, साचे बनवणारे, गोंदवाले, लेसवाले, सगळे आशियात. कंपनीचे बहुतेक पुरवठादार तिकडेच. मग एकटा कारखाना बव्हेरियात काय करणार? पुन्हा तोच ऑस्टिनचा स्क्रू.

तिसरी गोष्ट पटकन सांगतो, कारण तिचा माझ्या कामाशी थेट संबंध आहे. क्राफ्ट्समन हा अमेरिकेतला जुना ब्रँड, पाने, सॉकेट, रॅचेट. आपल्याकडे घरात बाबांचा एक डबा असतो ना, हात लावायचा नाही असा, तसे तिकडचे बाबा या पान्यांना जपतात. २०१७ मध्ये स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकरने तो ब्रँड घेतला. २०१९ मध्ये जाहीर केलं की टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला ९ कोटी डॉलरचा नवा कारखाना, ५०० नोकऱ्या, पुन्हा अमेरिकन पाने. यंत्रणा नवी, खूप स्वयंचलित. आणि मार्च २०२३ मध्ये तो कारखाना बंद करत असल्याचं जाहीर झालं. मध्ये कोविड होता हे खरं. पण मशिननी ठरल्याप्रमाणे काम केलंच नाही, हे मोठं कारण होतं.

पाना बनवणं दिसतं तितकं सोपं नाही. लोखंड तापवायचं, डायमध्ये ठोकायचं, कडा छाटायच्या, हीट ट्रीटमेंट, मग पॉलिश, मग प्लेटिंग. प्रत्येक टप्प्याला बारीक-बारीक खोड्या. या खोड्या कागदावर नसतात. मी एकदा पुण्याजवळच्या एका फोर्जिंग शॉपमध्ये आमचं सॉफ्टवेअर बसवायला गेलो होतो. प्रेसवर सेन्सर लावलेले, माझ्या लॅपटॉपवर सगळं हिरवं. शेजारचे ऑपरेटर, पन्नाशीचे काका, एकदम म्हणाले, "थांबवा, डाय गेली." मी म्हटलं, काका, सगळं ठीक दाखवतंय. ते म्हणाले, "आवाज बदललाय." मशिन थांबवून डाय उघडली तर केसाएवढा तडा. माझा सेन्सर खोटं बोलत नव्हता, त्याला फक्त तो आवाज कुणी शिकवला नव्हता. आता विचार करा, असे काका तीस वर्षांपूर्वीच निवृत्त झालेत, आणि त्यांच्या हाताखाली कुणी शिकलंच नाही, अशा गावात तुम्ही नवीकोरी प्रेस आणून ठेवलीत. पैसे आहेत, मशिन आहे. आवाज ओळखणारं कोण आहे?

टिम कुक यांनी २०१७ मध्ये चीनमध्ये एका परिषदेत हाच मुद्दा मांडला होता. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की अमेरिकेत टूलिंग इंजिनिअरांची बैठक बोलावली तर एक खोली भरेल की नाही शंका, आणि चीनमध्ये फुटबॉलची अनेक मैदानं भरतील. चीनमध्ये जायचं कारण स्वस्त मजुरी हे आता राहिलेलंच नाही, असंही ते म्हणाले. आता ॲपलला तिथे राहण्यात स्वतःचा फायदा आहे, म्हणून हे वाक्य थोडं मीठ लावूनच घ्या. पण मुद्दा चुकीचा नाही. टूलिंग म्हणजे डाय आणि मोल्ड. तुमच्या हातातल्या फोनचं कव्हर, चार्जरचा डबा, बाटलीचं झाकण, प्रत्येकाच्या आधी कुणीतरी पोलादात त्याचा साचा कोरलेला असतो, मायक्रॉनच्या हिशेबात. टूल अँड डाय मेकर तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं दुसऱ्या टूल मेकरच्या शेजारी उभं राहूनच काढावी लागतात. यूट्यूबवर होत नाही.

आणि हे गेलं की कसं जातं? कारखाना एका दिवसात बंद होतो. मग वर्ष-दोन वर्षांत आजूबाजूची छोटी शॉप्स बंद होतात, कारण त्यांचं गिऱ्हाईकच गेलं. मग गावातलं ट्रेनिंग स्कूल तो कोर्स बंद करतं, कारण मुलं येत नाहीत. मग शेवटचे शिकवणारे निवृत्त होतात. वीस वर्षांनी कुणीतरी मंत्री येऊन म्हणतो, चला, परत आणू.

मग परत काही येतच नाही का? येतं. ॲरिझोनाचं उदाहरण घ्या. तैवानची टीएसएमसी, जगातली सगळ्यात मोठी कंत्राटी चिप बनवणारी कंपनी. मे २०२० मध्ये १२ अब्ज डॉलरचा कारखाना जाहीर केला, उत्पादन २०२४ मध्ये. २०२३ मध्ये म्हणाले, जमणार नाही, २०२५ उजाडेल, कारण ही गुंतागुंतीची उपकरणं बसवणारे कुशल लोकच पुरेसे नाहीत. तैवानहून तंत्रज्ञ आणायची वेळ आली, त्यावरून तिथल्या युनियन चिडल्या. पण कारखाना उभा राहिला, चिप्स निघायला लागल्या, आणि मार्च २०२५ पर्यंत गुंतवणुकीचा एकूण आकडा १६५ अब्ज डॉलरवर गेला. यात अमेरिकन सरकारने ६.६ अब्ज डॉलरचं थेट अनुदान कबूल केलं होतं. म्हणजे येतं, पण किती पैसा, किती वर्षं, आणि शिकवायला बाहेरून माणसं आणायची तयारी, हे तिन्ही लागतं. चिपसाठी सरकारं ते देतात, कारण तैवानला काही झालं तर अख्ख्या जगाचं काम थांबेल ही भीती आहे. तुमच्या टीशर्टसाठी कुणी देणार नाही.

आता तुमच्या फोनबद्दल, कारण हा भाग बहुतेक जण फोनवरच ऐकताय. अमेरिकेत फोन बनवायचा एक प्रयोग झालेला आहे, फारसा कुणाला आठवत नाही. २०१३ मध्ये मोटोरोला, तेव्हा ती गूगलच्या मालकीची होती, तिने मोटो एक्स फोनची जोडणी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला सुरू केली. हो, पुन्हा फोर्ट वर्थ, त्या शहराचं नशीब बघा. तुम्ही वेबसाइटवर रंग निवडायचा, आणि चार दिवसांत तुमच्या पसंतीचा फोन घरी. सुरुवातीला तिथे साधारण ३,८०० माणसं होती. फोन खपला नाही, मे २०१४ पर्यंत सातशेच्या आसपास उरली, वर्षअखेर कारखाना बंद.

म्हणून २०२५ मध्ये जेव्हा आयात शुल्काचा धडाका सुरू झाला, तेव्हा काय झालं ते बघा. आयफोनची जोडणी चीनमधून हलली, पण अमेरिकेला गेली नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनसाठी ती वाढली भारतात, तमिळनाडू आणि कर्नाटकात. मे महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीरपणे सांगितलं की भारतात कारखाने वाढवू नका असं आपण टिम कुकना बोललोय. ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, त्यातून फोन मात्र वगळलेले. आयात शुल्काने काम एका देशातून हलवता येतं, पण ते कुठे जाऊन बसेल हे ठरवता येत नाही. आणि दुसरं, शुल्क एका रात्रीत बदलतं, कारखाना उभा करायला तीन-चार वर्षं लागतात. उद्या दर काय असेल हे माहीत नसताना कुठला मालक बँकेकडे कर्ज मागायला जाईल?

आता चाकणवाल्या मित्राचा प्रश्न. तू अमेरिकेसाठी काय बनवतोस त्यावर उत्तर अवलंबून आहे, आणि तू ते लिहिलं नव्हतंस. (हसतो) पण अंदाजाने बोलतो. तुझा पार्ट जड, मोठा, थोड्या प्रकारांचा आणि मशिनवरच बनणारा असेल, तर धोका खरा आहे. आणि तो धोका अमेरिकन कंपनीकडूनच येईल असं नाही. पुण्याच्या भारत फोर्जने नॉर्थ कॅरोलिनात सॅनफर्डला ॲल्युमिनियम फोर्जिंगचा कारखाना काढलेला आहे. गिऱ्हाईकाच्या दारात जाऊन माल बनवायचा, हे पुण्याची कंपनीही करते, हायरसारखंच. कंपनीला त्यात फायदा असेल, पण चाकणच्या लाइनवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काही मिळेलच असं नाही. कंपनीचं भलं आणि गावाचं भलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लुईव्हिलच्या लोकांना विचारा.

पण तुझ्या कामात माणसाचा हात जास्त असेल, दर महिन्याला नवं मॉडेल येत असेल, आजूबाजूला दहा छोटे पुरवठादार लागत असतील, तर ते सहजासहजी उचलून नेता येणार नाही. भोसरीच्या गल्ल्यांत जी छोटी शॉप्स आहेत, जिथे सकाळी ड्रॉइंग द्या आणि संध्याकाळी पार्ट घेऊन जा असं चालतं, ऑस्टिनला नेमकं तेच नव्हतं. आपल्याला ती गल्ली म्हणजे ट्रॅफिक आणि कुलंटचा वास वाटते. ॲपलला २०१३ मध्ये ती मिळाली असती तर त्यांनी सोन्याच्या भावाने घेतली असती.

आणि म्हणून मला चिंता अमेरिकेची नाही, आपल्याकडची आहे. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं, मीही त्यात आलो, कॅम्पसमधून आयटीत गेली. पगार दुप्पट होता, मी कुणाला दोष देत नाही. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्र सरकारची, जर्मन सहकार्यातून उभी राहिलेली, तिथे टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा शिकवतात. आमच्या कॉलेजात चार वर्षांत तिचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. फोर्जिंग शॉपमधल्या त्या काकांना मी विचारलं होतं, तुमच्या हाताखाली कोण शिकतंय? म्हणाले, पोरं येतात, सहा महिन्यांचं कंत्राट असतं, कान तयार व्हायच्या आत जातात. कायम करा म्हणावं, मग शिकवतो.

सहा महिन्यांच्या कंत्राटाने मजुरी वाचते, आणि ती एक्सेल शीटमध्ये दिसते.

बरं, वेळ झाली. पुढच्या भागात बॅटरीबद्दल बोलणार आहे, लिथियम कुठून येतं आणि सेल कोण बनवतं, त्यावर प्रश्न असतील तर आधीच पाठवा. आणि एक विनंती. तुमच्या घरात कुणी टूलरूममध्ये, फोर्जिंगमध्ये, प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलं असेल, तर त्यांच्याशी दोन मिनिटं बोलून व्हॉइस नोट पाठवा. फक्त एवढंच विचारा, मशिन बिघडणार हे तुम्हाला आधी कसं कळायचं? नावं घेणार नाही, फक्त आवाज वापरीन. चाकणवाल्या मित्रा, तू काय बनवतोस तेही कळव.